'क' वर्ग तीर्थक्षेत्र झालो, पण तीर्थ कुठंय?

उतारू

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एका फ्लेक्सचा फोटो आला. आमच्या भैरोबाच्या देवस्थानाला जिल्हा नियोजन समितीकडून 'क' वर्ग तीर्थक्षेत्राचा दर्जा मिळाला, त्याबद्दल सर्वांचे हार्दिक अभिनंदन. खाली रिवाजाप्रमाणे वीस-बावीस चेहरे, त्यात भैरोबाचा सगळ्यात लहान.

गाव माण तालुक्यात. देऊळ टेकडीवर. वर विहीर नाही, टाकं नाही. खालच्या ओढ्याला पावसाळ्यातले दोन महिने सोडले तर नुसती वाळू. यात्रा चैत्रात, तेव्हा सगळं पाणी टँकरचं. माझ्या चुलत भावाने ग्रुपवर विचारलं, "तीर्थ म्हणजे पाणी ना? मग फ्लेक्सवर टँकरवाल्याचा फोटो का नाही?" त्याला ॲडमिनने तासाभरात काढून टाकलं.

पण प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. पळीने हातावर देतात ते तीर्थ. काशी-रामेश्वर तेही तीर्थ. आणि आजोबांच्या ट्रंकेत सापडलेल्या पत्रांत माझे पणजोबा 'तीर्थरूप'. पाणी, गाव आणि बाप यांना एकच शब्द कसा? तीर्थ आणि क्षेत्र यात फरक काय, आणि असेल तर सरकारने दोन्ही जोडून का घेतले? जाणकारांनी लिहावं.

टवाळ

चौथा अर्थ राहिला. शुक्रवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर तीर्थप्राशन असतं. टँकर लागत नाही, फक्त सोडा लागतो.

घाटावरची

मी वाईची, म्हणून हक्काने लिहिते. आमच्या लहानपणी शाळेत गुरुजींनी सांगितलं होतं, तीर अधिक स्थ, म्हणजे नदीच्या तीरावर असलेलं ते तीर्थ. वाई, मेणवली, संगम माहुली, औदुंबर, नरसोबाची वाडी, सगळी कृष्णेच्या तीरावरच. त्यामुळे उतारू, तुमच्या टेकडीला तीर्थ म्हणणं चूकच. रागावू नका. 😀

क्षेत्र म्हणजे जागा, तीर्थ म्हणजे पाणी. आमच्याकडे 'क्षेत्र माहुली' म्हणतात, 'तीर्थ माहुली' कोणी म्हणत नाही. पण अंघोळ करतात ती तीर्थात.

धातुपाठ

घाटावरचीताई, गुरुजींना नमस्कार सांगा, पण 'तीर + स्थ' ही फोड पाडलेली आहे. तसं असतं तर शब्द 'तीरस्थ' झाला असता, आणि तो संस्कृतात वेगळा आहेच. मधला 'स' कुठे गळाला याचं उत्तर त्या फोडीत मिळत नाही.

मूळ धातू तॄ, म्हणजे तरणे, पार होणे. त्याला 'थ' प्रत्यय लागून तीर्थ. उणादिसूत्रांत, म्हणजे धातूंपासून शब्द साधायच्या जुन्या सूत्रांत, याच प्रत्ययाचे आणखी शब्द एका ओळीत दिले आहेत: वच् पासून उक्थ, रिच् पासून रिक्थ, सिच् पासून सिक्थ. म्हणजे 'जिथून किंवा ज्याच्या योगाने पार होता येतं ते' तीर्थ. आपल्या मराठीत यासाठी सरळ शब्द आहे: उतार. "नदीला उतार कुठं आहे?" असं गाडीवान विचारायचे, ती जागा. पाणी गुडघ्या-मांडीएवढं, तळ टणक, बैल बुजत नाहीत. काठ म्हणजे तीर हा शब्दही त्याच घरातला, पण तो भाऊ आहे, बाप नाही. (बाण या अर्थाचा तीर फारसीतून आलेला. त्याचा इथे संबंध नाही, कोणीतरी काढेलच म्हणून आधीच सांगतो.)

ऋग्वेदात शब्द या साध्या अर्थाने येतो. आठव्या मंडलात आदित्यांना विनवणी आहे की घोड्यांना चांगल्या उतारावर न्यावं तसं आम्हाला सुगम वाटेने न्या. तिथे शब्द 'सुतीर्थ'. पुण्य, स्नान, दक्षिणा काही नाही. घोडे आणि पाणी.

यज्ञमंडपातही 'तीर्थ' आहे, आणि तिथे पाण्याचा थेंब नसतो. चात्वाल म्हणजे माती काढलेला खड्डा आणि उत्कर म्हणजे केरकचऱ्याचा ढीग, या दोहोंमधून आत जायची जी वाट, तिचं नाव तीर्थ. ठरलेल्या वाटेनेच आत शिरायचं, कुठूनही नाही. तेव्हा शब्दाच्या पोटात पाणी नसून वाट आहे. पाणी नंतर भरलं.

टवाळ

खड्डा आणि कचऱ्याचा ढीग यांच्यामधली वाट? आमचा वॉर्ड वैदिक काळापासून तीर्थ आहे हे आज कळलं.

गोदाकाठ

धातुपाठ यांनी जे पोथीतून सांगितलं ते आमच्या नाशकात दगडावर कोरलेलं आहे. पांडवलेणी, लेणं क्रमांक १०. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात, त्याचा लेख, इसवीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. लोक वर चढतात, सेल्फी काढतात, उतरतात. व्हरांड्यातल्या भिंतीकडे फार कोणी बघत नाही. मी पंधरा-वीस वेळा गेलो असेन, पहिल्या दहा वेळा मीही बघितलं नव्हतं.

लेखात त्याने आपल्या दानांची यादी दिली आहे. तीन लाख गाई, देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावं वगैरे मोठे आकडे सोडून द्या. मला अडकवून ठेवलं ते पुढच्या ओळींनी. बार्णासा नदीवर, म्हणजे बनासवर, त्याने सोनं दान केलं आणि 'तीर्थ' केलं. केलं म्हणजे बांधलं. पाण्यात उतरायला पायऱ्या बांधल्या असा तिथे अर्थ घेतात. तीर्थ ही आयती सापडणारी वस्तू नव्हती, बांधता येत होती.

त्यानंतर नद्यांची नावं येतात: इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा, दाहानुका. दमणा म्हणजे दमणगंगा, दाहानुका म्हणजे आपलं डहाणू, पारादा ही पार नदी. या सहा नद्यांवर त्याने नावा ठेवून 'पुण्यतर' केले. पुण्यतर म्हणजे फुकट तरी. पैसे न घेता पलीकडे सोडायचं. आणि दोन्ही काठांना बसायला सभा आणि प्यायला पाणपोया. मग हाच माणूस पुष्करला जाऊन स्नान करतो, तीन हजार गाई आणि एक गाव देतो, तेही लिहून ठेवतो.

आता बघा, एकाच लेखात प्रभासाला 'पुण्यतीर्थ' म्हटलंय, म्हणजे शब्दाला आजचा पवित्र अर्थ आलेला आहे, आणि शेजारीच फुकट नावांना 'पुण्यतर' म्हटलंय. तॄ धातूची दोन पोरं एकाच अंगणात. सोन्याचं दान आणि डहाणूच्या खाडीवरची फुकट नाव, दोन्हीचं पुण्य एकाच वहीत मांडलेलं. नदी ओलांडता न आल्याने माल कुजायचा, माणसं बुडायची, त्या काळात पार नेणं हे पुण्य का वाटत असेल ते कळायला पावसाळ्यात एकदा पूल पाण्याखाली गेलेला बघावा लागतो.

गोंयचो पावणो

गोदाकाठ, तर हा शब्द आमच्याकडे अजून जिवंत होता म्हणा. आजी नदीपल्याडच्या तिच्या माहेराबद्दल सांगायची, "तरीक गेलंय" म्हणजे नावेच्या धक्क्यावर गेले. आता पूल झाले, फेरीबोटी आहेत, तर गेली. पण तारी हे आडनाव राहिलंय, गोव्यात आणि सिंधुदुर्गात कितीतरी. तारी म्हणजे पार नेणारा, नावाडी. कुणा तारीने घराच्या पाटीवर 'तीर्थंकर' लिहिलं तर व्याकरणाने फार चुकलं नाही म्हणायचं?

वडगाव पेठ

व्याकरणाने नाही, पण आम्ही जरा बिचकू. 🙂

मी जैन, हातकणंगले तालुक्यातला, त्यामुळे या धाग्यात यावंच लागलं. गोदाकाठ यांनी जी ओळ सांगितली त्यात 'तीर्थकर' असाच शब्द आहे. उषवदात पायऱ्या बांधून तीर्थकर झाला. आमचे चोवीस तीर्थंकर ज्या अर्थाने तीर्थंकर, त्याची उपमा तीच: संसाराच्या नदीला उतार करून देणारे. स्वतः पोहून गेलेले पुष्कळ असतात, केवलज्ञान, म्हणजे पूर्ण ज्ञान, इतरांनाही होतं. पण मागून येणाऱ्यांसाठी वाट बांधून ठेवतो तो तीर्थंकर. आणि ते तीर्थ म्हणजे नदी नाही, गाव नाही. साधू, साध्वी, श्रावक, श्राविका हा चतुर्विध संघ म्हणजे तीर्थ. माणसांचा घाट म्हणा.

आता उतारूंच्या टेकडीबद्दल. घाटावरचीताईंचा नियम आमच्याकडे टिकत नाही. आमची पुष्कळ तीर्थक्षेत्रं डोंगरावर आहेत. मांगीतुंगी, गजपंथ, कुंथलगिरी. जिथून मुनी मोक्षाला गेले ते सिद्धक्षेत्र, जिथे काही चमत्कार घडला ते अतिशयक्षेत्र. आमच्या घराजवळचं कुंभोजचं बाहुबली, तेही टेकडीवर. तिथे कोणी डुबकी मारायला जात नाही. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी 'विविधतीर्थकल्प' लिहिला, तीर्थांची माहिती देणारा ग्रंथ, त्यात नाशिक आणि पैठण दोन्ही आहेत. दोन्ही गोदेवर, पण ग्रंथात ती येतात जिनमंदिरांमुळे आणि त्यांच्या कथांमुळे, पाण्यामुळे नव्हे.

तेव्हा माणच्या भैरोबाला आमच्याकडून मान्यता आहे.

उतारू

वडगाव पेठ, जिल्हा नियोजन समितीपेक्षा तुमची मान्यता वजनदार धरतो.

प्राकृत

पालीत हाच शब्द 'तित्थ'. महापरिनिब्बान सुत्तात बुद्ध पाटलिग्रामातून निघतात तेव्हा मगधाचे दोन मंत्री, सुनीध आणि वस्सकार, ठरवतात की ज्या दाराने ते बाहेर पडतील त्याला गोतमद्वार म्हणायचं आणि ज्या उताराने गंगा ओलांडतील त्याला गोतमतित्थ. दाराला नाव मिळालं. मग बुद्ध काठावर येतात, गंगा दुथडी भरलेली, लोक नावा शोधतायत, कोणी तराफे बांधतायत. आणि बुद्ध संघासह या काठावरून दिसेनासे होऊन त्या काठावर उभे राहतात. उतार वापरलाच नाही. मंत्र्यांची पंचाईत झाली असणार. हे सुत्तात नाही, माझं मत.

गंमत म्हणजे बौद्ध ग्रंथांत 'तित्थिय' म्हणजे दुसऱ्या पंथाचे, आपल्या मताचे नसलेले. ज्याचा त्याचा उतार वेगळा.

काळं पान

सगळं वाचतोय, छान चाललंय. पण पार होण्याची वाट, पायऱ्या, फुकट नावा हे वाचताना एक खटकतं, ते लिहितो. ज्या नाशकात तो लेख आहे त्याच नाशकात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आघाडीवर होते, बाबासाहेब आले होते, आणि तो पाच वर्षांच्या आसपास चालला. दार उघडलं नाही. त्याआधी २० मार्च १९२७ ला महाड. ते तर तीर्थही नव्हतं, पिण्याच्या पाण्याचं तळं, आणि ओंजळभर पाणी प्यायल्यावर लोकांची डोकी फोडली गेली, तळं गोमूत्राने 'शुद्ध' करून घेतलं.

धातुपाठ म्हणाले, ठरलेल्या वाटेनेच आत शिरायचं, कुठूनही नाही. वाट ठरली की ती कोणाची हेही ठरतं. शब्दाची ती बाजू सुटू नये.

धातुपाठ

नाही सुटणार. रास्त आहे. शब्दाचा कौटिल्याने केलेला वापर तुमच्याच बाजूने साक्ष देतो. अर्थशास्त्रात राज्याची अठरा 'तीर्थं' आहेत: मंत्री, पुरोहित, सेनापती, युवराज, दौवारिक म्हणजे द्वारपाल, असे. सत्तेत शिरण्याचे उतार. आणि त्या प्रत्येकावर हेर नेमा असा सल्ला आहे. उतार जिथे, तिथे पहारा.

घाटावरची

तीर + स्थ मागे घेते. गुरुजी आता नाहीत, असते तर भांडले असते. 😀

पण मग हातावरचं तीर्थ आणि तीर्थरूप? त्याचं उत्तर अजून कोणी दिलं नाही. आमच्याकडे पत्राचा मायना कडक होता. सख्ख्या आई-वडिलांना तीर्थरूप, काका-मामा-सासरे यांना तीर्थस्वरूप. 'ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.', म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. मी लग्नानंतर पहिल्या पत्रात सासऱ्यांना चुकून तीर्थरूप लिहिलं तर ते केवढे खूश झाले होते! आईने मात्र मला रागावून पत्र लिहिलं.

धातुपाठ

वा. अशी माहिती कोशात मिळत नाही.

तीर्थरूपाचा धागा गुरूपासून. शिकवणारा पार नेतो म्हणून तोही तीर्थ. एकाच गुरूकडे शिकलेल्यांना पाणिनी 'सतीर्थ्य' म्हणतो, एकाच उतारावरचे. काव्यतीर्थ, न्यायतीर्थ या पदव्या, संन्याशांच्या दशनामातलं 'तीर्थ' हे नाव, सगळं त्याच वळणाचं. हैदराबाद मुक्तिसंग्रामातले स्वामी रामानंद तीर्थ तुम्हाला माहीत असतीलच, त्यांचं पूर्वाश्रमीचं आडनाव खेडगीकर. पुराणांत तीर्थांचे तीन प्रकार करतात: स्थावर, म्हणजे गंगा-काशी, जंगम, म्हणजे चालती-बोलती थोर माणसं, आणि मानस, म्हणजे सत्य, क्षमा, इंद्रियनिग्रह. आई-वडील जंगमात बसले. मराठीने मात्र त्या तीर्थरूपाचं काय केलं बघा. "काय रे, तीर्थरूप घरी आहेत का?" असं मित्राने विचारलं की बाप नाही ना याचीच खात्री करायची असते.

हातावरचं तीर्थ मात्र दोन वाटांनी आलंय असं मला वाटतं. एक, देवाचे पाय धुतलेलं पाणी, पादोदक. "अकालमृत्युहरणं" म्हणत पितो त्या श्लोकात 'पादोदकं तीर्थं' असंच आहे. नदीचं पुण्य पळीत आलं. दुसरी वाट उलटी. मनुस्मृतीत तळहातावरच तीर्थं सांगितली आहेत. अंगठ्याच्या मुळाशी ब्राह्म, करंगळीच्या मुळाशी प्राजापत्य, बोटांच्या टोकांना दैव, अंगठा आणि तर्जनी यांच्या मध्ये पित्र्य. तर्पण करताना पाणी कोणत्या बाजूने सोडायचं ते यावरून. ही पुन्हा वाट आहे, हातावरून पाणी पलीकडे, देवाकडे किंवा पितरांकडे जायची. हाताला उतार.

गोदाकाठ

रामकुंडावर पितृपक्षाच्या दिवसांत रोज बघतो. अंगठ्याकडून पाणी सोडलं की पितरांचं. भटजी मधूनच ओरडतात, "अहो, बोटांवरून नाही, अंगठ्यावरून!" अर्थ आज कळला.

जाता जाता, 'तीर्थकाक' हाही शब्द आहे. पाणिनीच्या सूत्रावरच्या उदाहरणांत येतो. घाटावर या पिंडावरून त्या पिंडावर उडणारा कावळा, म्हणजे एका जागी न टिकणारा, हावरट माणूस. निंदेसाठीच वापरायचा, असं सूत्रातच आहे.

टवाळ

फ्लेक्सवरच्या बावीस जणांसाठी सामुदायिक शब्द मिळाला. धागा सार्थकी.

करवीरकर

उशिरा आलो. कोल्हापुरात या, कपिलतीर्थाला गेलो म्हटलं की घरचे विचारतात, "मेथी कशी दिली?" तळं होतं, बुजवलं, आता भाजी मंडई आहे. तीर्थ नावात राहिलं. कोटितीर्थाला अजून पाणी आहे.

आणि तुकोबांना का विसरलात सगळे? "तीर्थी धोंडा पाणी । देव रोकडा सज्जनी." दरवर्षी पंढरीला जाणाऱ्या माणसाने हे म्हणावं यात सगळं आलं. चंद्रभागेत बुडी मारतानाही त्यांना ते पाणीच दिसत असणार, आणि तरी मारत असणार.

प्राकृत

"जाऊनिया तीर्था काय तुवां केलें । चर्म प्रक्षाळिलें वरी वरी." हेही त्यांचंच. +१

उतारू

सगळ्यांचे आभार. वाचनखूण साठवलीच आहे. आता माझी भर.

काल गावी चुलत्यांना फोन केला. वय ८१, कान बरे आहेत. म्हटलं, "अण्णा, आपल्या ओढ्याला उतार कुठं होता?" ते म्हणाले, "होता काय, हाय की. पालखी जाती तिथं." मला कळेना. ओढ्यावर पूल होऊन बरीच वर्षं झाली, मी स्वतः त्यावरून गाडी नेतो.

मग त्यांनी नीट सांगितलं. टेकडीवरून भैरोबाची पालखी खाली येते, ओढ्यापलीकडे बहिणीच्या देवळात भेटीला जाते आणि परत येते. जाताना-येताना ती पुलावरून जात नाही. पुलाच्या वरच्या अंगाला शंभर-दीडशे पावलांवर दरडीला खाच आहे, तिथून खाली उतरते, वाळूतून चालते, समोरच्या खाचेतून वर चढते. मी लहानपणी त्या पालखीमागून दहा वेळा चाललोय. ती खाच म्हणजे काय ते कधी विचारलं नाही. पूर्वी पंचक्रोशीतल्या बैलगाड्या तिथूनच जायच्या म्हणे, कारण बाकी सगळीकडे गाळ.

ओढा कोरडा असला तरी पालखी मधोमध थांबते. गुरव पाणी शिंपडतो, मग भोई पुढचं पाऊल टाकतात. विचारलं, पाणी कुठलं? म्हणाले, "कुठलं म्हणजे? बाटलीचं. मागल्या साली टँकरवाल्यानं हंडाभर दिलं."

मी म्हटलं, अण्णा, पूल असताना खालनं कशाला, चार भोई वाळूत रुततात.

"तुला पूल चालतोय," अण्णा म्हणाले. "देवाची वाट खालनं हाय."

चुलत भावाला ॲडमिनने परत घेतलंय. फ्लेक्स वाऱ्याने फाटला.